मुक्कामकर

प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक मुक्कामकर असतोच. कागदोपत्री तो जोशी असेल, पाटील असेल, डिसोझा असेल. पण शनिवारी सॅक पाठीला लागली की तो मुक्कामकर. वय पंचावन्नच्या पुढे, एका गुडघ्याला पट्टा, डोक्यावर रंग उडालेली टोपी, आणि अख्ख्या सह्याद्रीबद्दल एकच प्रश्न: रात्री टेकायचं कुठे?

ग्रुपातल्या बाकीच्यांनी आपापली खाती वाटून घेतलेली असतात. इतिहासवाला दर बुरुजापाशी सगळ्यांना उन्हात उभं करून सनावळी ऐकवतो. वेळवाला कोणता कातळटप्पा किती मिनिटांत चढलो ते घरी पोचेपर्यंत सांगत राहतो. एक फोटोवाला असतो, एक नुसताच खाणारा असतो. मुक्कामकराला इतिहास चालतो, भूगोल चालतो, खाणं तर धावतं. पण या सगळ्याची सांगता आडवं होण्यात झाली पाहिजे, हा त्याचा आग्रह. "कळसूबाईला जाऊ या का?" असं कुणी म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, हे त्याला ठाऊक आहे. "पण वर आहे काय? देवीचं एवढंसं देऊळ. त्यात देवीचंच कसंबसं भागतं!" उलट गोरखगडाचं नाव काढा, की त्याची कळी खुलते. तसा गोरखगड लहानसा, माथ्यावर फिरायला फार जागा नाही. पण पोटात कातळात कोरलेली खांबांची ऐसपैस गुहा, शेजारी पाण्याची टाकी, पुढ्यात चाफा आणि समोर मच्छिंद्रगडाचा सुळका. "ही गुहा ज्यानं खोदली ना," मुक्कामकर म्हणतो, "त्याला झोपेची कदर होती."

गिरिदुर्ग, वनदुर्ग, जलदुर्ग हे वर्गीकरण त्याला मान्य नाही. त्याच्या लेखी किल्ल्यांचे प्रकार तीन: कोरडे, गळके आणि उंदरांचे. सुधागडावर पंतसचिवांचा वाडा आहे, त्यामुळे तो कोरड्यात. फक्त वाड्यात झोपलं की घरी झोपल्याचा भास होतो, एवढी एक तक्रार. राजगडाला पद्मावतीचं देऊळ असल्यामुळे त्याची इयत्ता वरची. रतनगडावर लोक नेढं पाहायला जातात, मुक्कामकरही जातो, आणि तिथला वारा अंगावर घेऊन म्हणतो, "बघायला ठीक आहे. पण भोक पडलेल्या डोंगराखाली झोपायचं म्हणजे..." पुढचं वाक्य तो हाताने पुरं करतो. ढाकच्या बहिरीच्या गुहेबद्दल मात्र तो आदराने बोलतो. कड्यात लटकलेली ती वाट, तो दोराचा टप्पा, त्याचं त्याला कौतुक नाही. कौतुक आहे ते गुहेत ठेवलेल्या भांड्यांचं. कुणीही यावं, देवाची भांडी घ्यावीत, स्वयंपाक करावा, घासूनपुसून परत ठेवावीत. भांडी खाली नेण्याची छाती कुणाची होत नाही, कारण बहिरी बघतो. "सोसायटीच्या कॉमन हॉलमध्ये हे एकदा करून दाखवा," असं तो आव्हान देतो. तो त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी राहिलेला आहे.

पण त्याचं माहेर म्हणजे हरिश्चंद्रगड. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाच्या आसपास आणि तारामतीच्या पायथ्याला ओळीने गुहा. कुठली गुहा थंडीत घ्यायची, कुठली उन्हाळ्यात, गणेशगुहेत पावसाळ्यात कोणत्या भिंतीला पाठ लावायची, हे त्याला स्वतःच्या घरातल्या पंख्याच्या बटणांपेक्षा जास्त पाठ आहे. केदारेश्वराच्या गुहेत कंबरभर गारढोण पाणी, मधोमध प्रचंड पिंड आणि चार खांबांपैकी उरलेला एक खांब. तो खांब पडला की कलियुग संपणार, असं लोक सांगतात. मुक्कामकर त्या गुहेकडे हळहळून बघतो. एवढी मोठी गुहा आणि सगळी पाण्यात! चांगदेवांनी याच गडावर तप केलं, 'तत्त्वसार' इथंच लिहिलं, हे इतिहासवाला दरवेळी सांगतो. चांगदेव चौदाशे वर्षं जगले अशी आख्यायिका आहे. मुक्कामकराच्या मते त्यात योगसामर्थ्याचा भाग थोडा, गुहेतल्या झोपेचा जास्त.

एकदा त्याने नाणेघाटाच्या गुहेत आम्हाला बौद्धिक दिलं. भिंतीवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख. इतिहासवाल्याने त्यातले यज्ञ मोजले, दक्षिणेत दिलेल्या गाई मोजल्या, घोडे मोजले, हत्ती मोजले. मुक्कामकर ऐकत होता. शेवटी म्हणाला, "घाट चढून माणसं इथं दमून येत असणार. हत्ती दिले, गाई दिल्या. वाटसरूला एखादी चटई दिल्याचं कुठं आहे का त्यात?" इतिहासवाला दोन मिनिटं खरोखर शोधत होता. लेण्यांबद्दल मात्र त्याचं मत चांगलं आहे. पावसाळ्याचे महिने हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, हा भिक्खूंचा नियम त्याला एकदम पटलेला. जुन्नरच्या लेण्यांमधल्या कोठड्यांत झोपण्यासाठी कोरलेले दगडी ओटे दिसले, की तो त्यांवर उताणा पडून माप घेतो आणि पहारेकऱ्याची शिट्टी वाजेपर्यंत उठत नाही. "दोन हजार वर्षं झाली, कुरकुरत नाही की मधे खचत नाही," असा शेरा देऊन मग तो टोपी शोधायला लागतो.

आता त्याची चढण्याची पद्धत. खालच्या गावापासून खिंडीपर्यंत मुक्कामकर सगळ्यांच्या मागे. दर दगडावर बसतो, दर झऱ्याचं पाणी चाखतो, खाली उतरणाऱ्या गुराख्याशी गुरांच्या तब्येतीवर बोलतो. त्याची काळजी वाटून नवखी पोरं "काका, सॅक द्या" म्हणतात. काका सॅक देतात. मग गडाचा शेवटचा टप्पा येतो, वरच्या दरवाजाची कमान दिसते, दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपच्या हसण्याचा आवाज कानावर पडतो, आणि या माणसाच्या अंगात काय संचारतं कळत नाही. गुडघा, पट्टा, वय सगळं मागे ठेवून तो असा सुटतो, की पोरं तोंडात बिस्किट धरून बघत राहतात. आम्ही वर पोचतो तेव्हा गुहेच्या एका टोकाला त्याची टोपी, दुसऱ्या टोकाला पाण्याची बाटली, मधे एक बूट, जरा पलीकडे दुसरा बूट, आणि मध्यभागी मोज्यांवर उभा मुक्कामकर. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या जमातीचा तो शेवटचा वंशज. "बारा जण आहोत," तो समोरच्या ग्रुपला सांगत असतो. आम्ही सात असतो. वरचे पाच जण म्हणजे अंदाजपत्रकातली तरतूद.

जागा ताब्यात आली की पाहणी सुरू होते. नवशिका माणूस गुहेत शिरल्यावर वर बघतो. मुक्कामकर खाली बघतो. छत कोरडं दिसलं म्हणून काय झालं? वर्षानुवर्षं जिथे थेंब पडला तिथे जमिनीला खळगी पडलेली असते, हिरवट डाग असतो. तो बोटाने तपासत जातो आणि "इथं गळतं, इथं गळतं, इथं पहाटे गळतं" असं सांगत खडूने फुल्या मारतो. होय, खडू त्याच्या सॅकमध्ये असतो. मग पाण्याची बाटली आडवी ठेवतो. ती ज्या बाजूला गडगडते तिकडे पाय, डोकं चढाकडे. मग उदबत्ती. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काका देवभोळे दिसतात. ती देवापुढे लावत नाहीत. तोंडाशी, मधे आणि तळाशी अशी तीन ठिकाणी फिरवून धूर कुठे वळतो ते बघतात. चूल कुठे मांडायची, पोरी कुठे झोपतील, ओले कपडे कुठे वाळतील, हे सगळं त्या एका उदबत्तीवर ठरतं. सांगायला हरकत नाही, त्याचं अनुमान चुकलेलं मी पाहिलेलं नाही. हे असं लिहून ठेवायची पाळी आली याचं मलाच वाईट वाटतं.

उंदरांचं खातं वेगळं. गडांवरचे उंदीर ही साधीसुधी जमात नाही. सॅकची चेन बाजूने कुरतडायची अक्कल त्यांना आहे. बाकीचे लोक खाण्याच्या पिशव्या टांगतात, डब्यांवर दगड ठेवतात, रात्रभर बॅटऱ्या मारतात. मुक्कामकर जेवण झाल्यावर भाकरीचा एक चतकोर घेतो, गुहेच्या अगदी लांबच्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो आणि हात झटकत परत येतो. याला तो हप्ता म्हणतो. "एकदा हप्ता पोचला की रात्रभर त्रास नाही. ही मंडळी शब्दाला पक्की असतात." ज्या कोपऱ्यात हप्ता ठेवला जातो, त्याच्या शेजारची जागा कुणाला मिळते, हे पुढे येईल.

झोपण्याची वाटणी तो स्वतः करतो आणि त्यावर अपील नाही. घोरणाऱ्यांची यादी त्याच्याकडे तयार असते, घोरण्याच्या जातीसकट: सुतारी, शिट्टीची, आणि मधेच बंद पडून सगळ्यांना जागं करणारी. सुतारी भिंतीकडे, शिट्टीवाले दाराकडे, बंद पडणारे शक्यतो दुसऱ्या गुहेत. आता हा स्वतः कुठे झोपतो? बरोबर मधोमध. कारण विचारलं तर "मला सगळीकडे लक्ष ठेवायचं असतं." तो घोरतो की नाही, या विषयावर त्याने एकट्याने मतदान घेतलं असून निकाल 'नाही' असा आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून कुणी तरी पहाटे परत आलं आणि "कड्यावर वाघ आलाय वाटतं" म्हणालं, ती गोष्ट त्याच्यासमोर काढलेली त्याला आवडत नाही.

कोकणकड्याचा विषय निघालाच आहे, तर तंबूंबद्दल त्याला काय वाटतं तेही सांगून टाकतो. आता कड्यावर शनिवारी तंबूंची वसाहत उठते. रंगीत दिवे, प्लास्टिकच्या खुर्च्या, कुठे बार्बेक्यू, आणि काळा चौकोनी स्पीकर. कडा वाटीसारखा आत वळलेला, खालून वारा असा उसळतो की खाली टाकलेली टोपी परत येते. मुक्कामकर सूर्यास्ताला तिथे जाऊन बसतो, तंबूंच्या रांगा न्याहाळतो आणि रात्री कोणते उडणार याची यादी मनाशी करतो. मग एखाद्या पोराजवळ जाऊन मऊ आवाजात म्हणतो, "बाळा, दोऱ्या ताणून घे. खुंट्या आतल्या बाजूला झुकवल्यास; बाहेर झुकव." पोरगं "हो अंकल" म्हणतं आणि गाण्याचा आवाज वाढवतं. मध्यरात्री तंबू उडतो. ते पोरगं आणि त्याचे तिघे मित्र पांघरुणं गुंडाळून गुहेच्या तोंडाशी येतात.

हा प्रसंग त्याच्या आयुष्यात वारंवार येतो आणि तो दर वेळी तसाच घडतो. बाहेर कुणी तरी खाकरतं. आतून मुक्कामकर गरजतो, "जागा नाही!" बाहेरून: "काका, तंबू गेला." आतून: "कुणी सांगितलं होतं तंबूत झोपायला? पाय ठेवायला जागा नाही इथं. बारा जण आहोत." हे बोलत असतानाच तो उठलेला असतो. "अजिबात नाही" म्हणताना तो माझी मॅट ओढतो, "काय समजलात काय" म्हणताना इतिहासवाल्याला कुशीवर वळवतो, "दर वेळी हेच" म्हणताना स्वतःची चादर काढून ठेवतो. तोंडाने पाच मिनिटं नकार चालू असतो आणि तेवढ्या वेळात चौघांची जागा झालेली असते. त्या पाच तरतुदींचा हिशेब इथे लागतो. "बूट बाहेर! आणि तो डबा बंद करून आत घ्या, दव पडतं," असं म्हणून तो स्पीकरही आत घेतो. हप्त्याच्या कोपऱ्याशेजारची जागा त्या स्पीकरवाल्याला मिळते. सकाळी त्या पोराच्या सॅकची चेन बाजूने उघडलेली असते.

गावातल्या मुक्कामाला त्याचा पूर्वी विरोध होता. "गावात झोपायचं तर डोंबिवली काय वाईट आहे?" पण गुडघ्याने मत दिलं आणि तो बदलला. आता पाचनई, रतनवाडी, राजमाचीवरची उधेवाडी, अशा सगळीकडे त्याची घरं आहेत. म्हणजे त्याची नव्हेत, पण तो तसा वागतो. सारवलेली ओसरी, कारवीच्या कुडाची भिंत, चुलीवरचं पिठलं, नाचणीची भाकरी, खरडा. पैसे तो रोखीने आणि घासाघीस न करता देतो, मात्र त्यामागचा सिद्धांत स्पष्ट करतो: "झोपेचे पैसे मी देत नाही. पिठल्याचे देतो. झोप बरोबर येते." नेपाळातल्या टी-हाउसमध्ये हाच हिशेब चालतो, खोली नाममात्र दरात आणि जेवण मात्र तिथंच घ्यायचं, हे त्याला कुणी तरी सांगितल्यापासून तो नेपाळी लोकांच्या बुद्धिमत्तेची तारीफ करतो. नेपाळला तो गेलेला नाही.

पाचनईच्या एका ओसरीवर उदबत्ती काढून त्याने विचारलं होतं, "मावशी, रात्री वारा कसा येतो इथं?"

"वाऱ्यावानी येतो," मावशी म्हणाली.

"म्हणजे कुठून?"

"भायेरून." मावशीने भाकरी उलटली. "आधी आले होते ते सायेब चार्जिंगचं इचारीत व्हते. वारा कुनी इचारला नव्हता, दादा."

इतकी गार झालेली उदबत्ती मी दुसरी पाहिली नाही. त्या रात्री वारा बाहेरूनच आला.

आणि मग तो स्वित्झर्लंडला गेला. मुलगी झुरिकला नोकरीला. तिने बाबांना आल्प्समधल्या हटमध्ये एक रात्र राहायला नेलं. तिथल्या अल्पाइन क्लबची स्थापना १८६३ सालची, पहिली हट त्याच वर्षी टोडी पर्वतावर बांधलेली, आणि आज त्या क्लबच्या दीडशेच्या आसपास हट आहेत, ही माहिती परत आल्यावर त्याने आम्हाला अशा सुरात सांगितली जणू बांधकामावर तो देखरेखीला होता. त्याच्या मनात कुडाची झोपडी. समोर आली ती दगडी, मजल्यांची, खिडक्यांना रंगीत झडपा असलेली इमारत. बूट दारापाशी वेगळ्या खोलीत काढायचे. मांडणीवरच्या रबरी सपाता घालायच्या. घरून आणलेली पातळ खोळ अंथरून त्यातच झोपायचं. जेवण सगळ्यांना एका वेळी, आणि रात्री दहाला शांतता. हे सगळं त्याला इतकं पटलं, की आपण आजवर गुहेत जे ओरडून सांगतो ते इथे भिंतीवर लिहून लावलंय, म्हणून त्याचे डोळे भरून आले म्हणे.

गोची पुढे झाली. झोपण्याच्या दालनात एकाला एक लागून गाद्यांची लांब रांग. मुक्कामकर सवयीप्रमाणे इतरांच्या दोन तास आधी पोचलेला, टोपी एका टोकाला आणि बाटली दुसऱ्या टोकाला ठेवायच्या तयारीत. हटच्या रखवालदाराने वहीत बघून त्याला त्याचा गादीचा नंबर सांगितला. तो महिन्यापूर्वी, बुकिंगनुसार ठरलेला.

"मग लवकर येण्याचा फायदा काय?" त्याने मुलीमार्फत विचारलं.

रखवालदार म्हणाला, "बाहेर बाकावर बसून डोंगर बघता येतात."

त्या बाकावर तो दोन तास बसला. समोर हिमनदी, मागे बर्फाचं शिखर. मुलीने काढलेला फोटो आम्ही पाहिला आहे. इतका अन्याय झालेला माणूस एवढ्या सुंदर देखाव्यापुढे क्वचित बसलेला असेल. एका गोष्टीने मात्र तो तिथेही विरघळला. हंगाम संपला, रखवालदार खाली गेला, तरी बऱ्याच हटमध्ये एक खोली उघडी राहते. त्यात गाद्या, पांघरुणं, शेगडी, सरपण. अवेळी आलेल्याने शिरावं, झोपावं, वहीत नाव लिहावं, पैसे प्रामाणिकपणे द्यावेत, झाडून जावं. "म्हणजे त्यांच्याकडेही बहिरी आहे," मुक्कामकर म्हणाला. इतिहासवाल्याला यावर टिपण करावंसं वाटलं, पण पेन सापडलं नाही.

हल्ली तो जरा चिंतेत असतो. वासोट्याला तर त्याने पूर्वीच यादीतून काढलंय. तो कोयना अभयारण्यात. बामणोलीहून लाँचने जा, चढा, उतरा, अंधाराच्या आत परत या. "तो किल्ला नव्हे, ती सहल." पण आता काही संरक्षित किल्ल्यांवरही रात्री राहायला मनाई झाली आहे. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले: रायगड, राजगड, साल्हेर, लोहगड, तिकडे तमिळनाडूतला जिंजी. बातमी आली त्या संध्याकाळी मुक्कामकराने पेढे वाटले. दुसरा पेढा तोंडात असतानाच त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे आता वर झोपू देणार नाहीत!"

मनाईबद्दल माझं मत त्याच्यापेक्षा वेगळं आहे. शेकोट्यांनी काळी पडलेली छतं, टाक्यात तरंगणारे चमचमीत वेष्टनांचे तुकडे, देवळाच्या दारात फुटलेल्या बाटल्या. हे पाहिल्यावर कुलूप लावणाऱ्याला दोष देता येत नाही. त्या कुलपाबाहेर मुक्कामकरही राहतो, एवढंच वाईट. लेखक गोनीदा राजगडावर मुक्काम ठोकून राहत, याचा दाखला तो प्रत्येक वादात देतो. पण गोनीदांनी गडावर स्पीकर नेला नव्हता, असं म्हटलं की गप्प बसतो आणि थोड्या वेळाने म्हणतो, "मग मलाच पहारेकरी नेमा." ही सूचना सरकारने मनावर घ्यावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पगार नको. जागा कोरडी द्या.

कारण एक गोष्ट त्याच्या शत्रूंनाही कबूल करावी लागते, आणि पहाटे लवकर जाग आलेल्यांनाच ती दिसते. सगळे इंद्रवज्र, म्हणजे ते गोल इंद्रधनुष्य, दिसतंय का म्हणून कड्याकडे पळालेले असतात. मुक्कामकर गुहेत एकटा. झुडपांच्या फांद्यांची जुडी बांधून तो गुहा झाडत असतो. आमचा कचरा, आधीच्या ग्रुपचा कचरा, त्याच्या आधीच्यांचाही. खडूच्या फुल्या ओल्या फडक्याने पुसतो. चुलीतली राख गार करून लांब टाकतो. वाळक्या काटक्यांची एक मोळी कोरड्या कपारीत लावून ठेवतो आणि तिच्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी खोचतो. ही कुणासाठी, असं विचारलं तर खेकसतो: "रात्री उशिरा येतील त्यांच्यासाठी! तुमच्यासाठी कुणी ठेवली नव्हती का?" खरं म्हणजे ठेवलेली असते. बहुतेक वेळा त्यानेच, आदल्या खेपेला.

तेव्हा जिथे राहायला परवानगी आहे अशा एखाद्या गुहेत तुम्ही अवेळी पोचलात आणि आतून "जागा नाही!" असं कुणी गरजलं, तर माघारी फिरू नका. बूट बाहेर काढा, बॅटरी कुणाच्या डोळ्यांवर मारू नका, आणि नम्रपणे एवढंच विचारा, "काका, गळतं कुठं?" हा प्रश्न विचारणाऱ्याला तो स्वतःची कोरडी जागा देतो. स्पीकर आणला असेल तर मात्र सॅकची चेन बाजूने तपासून घ्या.